प्रत आणि प्रतवारी : नाण्यांच्या गुणांकनावरील अविश्वासाची कथा

आमच्या एका सहकाऱ्याच्या घरी पणजोबांपासून चालत आलेला एक चांदवडी रुपया आहे. पाडलेला होळकरांच्या चांदवडच्या टांकसाळीत, पण नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे. अक्षरे निम्मी ठशाबाहेर गेलेली. कडेला कुण्या सराफाने ठोकलेली एक बारीक फुलासारखी खूण. दोन वर्षांपूर्वी सहकाऱ्यांच्या मुलाने हौसेने हा रुपया एका परदेशी गुणांकन संस्थेकडे पाठविला. काही महिन्यांनी तो पारदर्शक प्लास्टिकच्या बंद डबीत परत आला. आतील चिठ्ठीवर नाणे अस्सल असल्याची ग्वाही होती, मात्र गुणांच्या जागी अंक नव्हता. पृष्ठभागावर नंतर केलेला घाव असल्यामुळे अंक देता येत नाही, अशा अर्थाचा शेरा होता. घाव म्हणजे तीच सराफाची खूण! ज्या खुणेने हा रुपया एकेकाळी बाजारात निःशंकपणे हातोहात गेला असेल, तीच आता त्याचा दोष ठरली होती.

या प्रसंगावर आम्ही पुष्कळ हसलो. मग थोडे विचारातही पडलो. साहित्याच्या अभ्यासकांनी नाण्यांच्या बाजारात कशासाठी डोकवावे, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. पण मराठीतील 'प्रत' या शब्दाकडे पाहावे. ग्रंथाची वा पोथीची एक नकल म्हणजे प्रत, आणि वस्तूचा दर्जा म्हणजेही प्रत. एका ठशातून निघालेले प्रत्येक नाणे ही त्या ठशाची एक प्रतच असते. आणि हातोहात फिरताना प्रत्येकीची प्रत वेगळी होत जाते. ही दुसरी प्रत ठरवायची कोणी, कशाच्या आधारे, आणि ठरविणाऱ्याची पारख कोणी करायची? अमेरिकेत या प्रश्नांना गेल्या पाऊण शतकात एकामागून एक उत्तरे मिळाली, आणि प्रत्येक उत्तराबरोबर संग्राहकांचा अविश्वासही नवे रूप घेत गेला. त्या अविश्वासाचा हा धावता इतिहास.

आरंभी प्रतवारी शब्दांत होत असे. 'चांगले', 'सुरेख', 'अतिसुरेख', 'न वापरलेले' अशा विशेषणांवर व्यवहार चाले. विशेषणे ज्याची त्याची असतात. विकताना 'अतिसुरेख' असलेले नाणे विकत घेताना केवळ 'सुरेख' ठरे. या गोंधळात अंक आणला तो विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने. १७९३ ते १८१४ या काळातील अमेरिकेच्या मोठ्या तांब्याच्या सेंटांवर त्याने १९४९ साली एक ग्रंथ लिहिला, आणि त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. जेमतेम ओळखू येणारे झिजलेले नाणे १, आणि टांकसाळीतून जसेच्या तसे निघालेले निर्दोष नाणे ७०. शंभर न घेता सत्तरच का? कारण ही मोजपट्टी मुळात किमतीची होती. एखाद्या प्रकारच्या सर्वांत हलक्या नाण्याची किंमत एक डॉलर धरली, तर त्याच प्रकारच्या सर्वोत्तम नाण्याला त्या वेळी साधारण सत्तर डॉलर पडत, हे निरीक्षण तिच्या मुळाशी होते. मूळ किंमत गुणिले अंक, की झाला भाव!

येथे क्षणभर थांबले पाहिजे. पुढे बाजारभाव झपाट्याने बदलले आणि हे गुणोत्तर कोलमडले. अंक मात्र उरला. इतकेच नव्हे, तर तांब्याच्या सेंटांसाठी केलेली ही पट्टी सोन्याचांदीच्या सर्व नाण्यांना लावण्यात आली. जो अंक किमतीतून जन्मला होता, तोच नंतर नाण्याच्या अंगभूत गुणाचे माप म्हणून किंमत ठरवू लागला. बाजाराने आपलेच प्रतिबिंब आरशात पाहावे आणि त्याला तटस्थ साक्षीदार समजावे, असा हा प्रकार होता.

शेल्डनविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माणसांच्या देहयष्टीचेही त्याने अंकांत वर्गीकरण केले होते. तीन प्रकृती, प्रत्येकीला १ ते ७ गुण, आणि त्यांवरून स्वभावाचे निदान. हे शास्त्र आज कोणी गंभीरपणे घेत नाही. १९७७ साली तो वारला. त्यानंतर काही वर्षांनी उघडकीस आले की अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट त्याने काढून घेतले होते आणि त्यांच्या जागी त्याच प्रकारची हलकी नाणी ठेवून दिली होती. जुन्या छायाचित्रांशी नाणी ताडून पाहिल्यावर ही अदलाबदल ध्यानात आली. प्रकरण न्यायालयात गेले. प्रतीची मोजपट्टी देणाऱ्यानेच प्रती बदलल्या होत्या! कादंबरीकाराने हे लिहिले असते, तर समीक्षकांनी त्याला अतिरंजित म्हटले असते. अर्थात, या चोरीमुळे मोजपट्टी खोटी ठरत नाही. पण ती चोरी सिद्ध झाली ती अंकांमुळे नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. एकाच प्रकारच्या दोन नाण्यांतील बारीक ओरखडे ओळखणाऱ्या डोळ्यांमुळे ती सिद्ध झाली.

अंक आला तरी तो देणारा व्यापारीच होता, आणि तेथेच खरी मेख होती. १९७२ साली अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने नाण्यांचा खरेखोटेपणा तपासण्यासाठी 'ॲनॅक्स' ही सेवा सुरू केली. १९७९ पासून ही सेवा प्रतही ठरवू लागली. नाण्याच्या छायाचित्रासह प्रमाणपत्र मिळे आणि त्यावर दर्शनी व मागील बाजूंचे अंक वेगवेगळे असत. त्याच सुमारास चांदीचा भाव आकाशाला भिडला. जानेवारी १९८० मध्ये तो औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास पोहोचला आणि मार्चमध्ये कोसळला. नाण्यांचा बाजारही त्याच्याबरोबर चढला आणि उतरला. पडत्या बाजारात ग्राहक चोखंदळ झाले, निकष कडक झाले. आणि तेजीच्या दिवसांत ६५ गुण मिळवून बसलेली नाणी पाचसहा वर्षांनी ६३ ची ठरू लागली. नाण्याला कोणी हात लावलेला नव्हता. प्रमाणपत्रही तेच होते. बदलली होती ती बघणाऱ्याची नजर. ज्यांनी ६५ च्या भावाने पैसे मोजले होते, त्यांचे नुकसान मात्र अगदी खरे होते, कारण वरच्या श्रेणीत एकदोन अंकांच्या फरकाने किंमत कित्येक पटींनी बदलते.

या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी १९८६ मध्ये डेव्हिड हॉल आणि इतर काही व्यापाऱ्यांनी कॅलिफोर्नियात 'प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस' म्हणजे पीसीजीएसचे काम सुरू केले. तिच्या संस्थापकांपैकी एक, जॉन अल्बनीज, यांनी वर्षभरातच बाहेर पडून १९८७ मध्ये 'न्यूमिस्मॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशन' म्हणजे एनजीसी काढली. या दोन्ही संस्थांची पद्धत साधारण सारखी. नाणे कोणाचे हे परीक्षकांना कळत नाही. एकाहून अधिक परीक्षक ते स्वतंत्रपणे पाहतात. मग अंक ठरतो आणि नाणे प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद होते. या डबीला संग्राहक 'स्लॅब' म्हणतात. ६० ते ७० म्हणजे न वापरलेल्या नाण्यांची श्रेणी. तिचे अकरा टप्पे झाले. आपल्या परीक्षकांनी नाण्यांचा व्यापार करू नये, असा दंडक एनजीसीने घातला. चूक झाल्यास भरपाईची हमी दोघींनीही दिली.

स्लॅबने एका खऱ्या अन्यायाला उत्तर दिले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. नवख्या ग्राहकाला पॉलिश केलेले नाणे 'टांकसाळी' म्हणून विकणे अवघड झाले. बनावट नाण्यांना मोठ्या प्रमाणात चाप बसला. पण त्याच वेळी दुसरीही एक गोष्ट घडली : नाणे न पाहता खरेदी करणे शक्य झाले. संगणकाच्या पडद्यावर केवळ वर्ष, टांकसाळ आणि अंक पाहून सौदे होऊ लागले. वॉल स्ट्रीटवरील पेढ्यांनी दुर्मिळ नाण्यांचे गुंतवणूक निधी काढले. ज्यांनी आयुष्यात एक नाणे तळहातावर घेतले नव्हते, त्यांनीही नाण्यांत पैसा घातला. १९८९ च्या मध्यास ही तेजी शिखरावर होती. त्यानंतर भाव असे कोसळले की पुष्कळ नाण्यांनी ती पातळी कित्येक वर्षे पुन्हा पाहिली नाही. १९९० साली तेथील फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसवर आरोप ठेवला की तिचे गुणांकन जाहिरातीत म्हटले आहे तितके वस्तुनिष्ठ आणि सुसंगत नाही. कंपनीने आरोप मान्य न करता तडजोड केली. पण संग्राहकांच्या मनातील शंका आता सरकारी कागदावर उमटली होती.

२००३ मध्ये 'कॉइन वर्ल्ड' या साप्ताहिकाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीच ती नाणी त्याने वर्षभरात अनेक गुणांकन संस्थांकडे पाठविली होती. एकाही नाण्याच्या बाबतीत सर्व संस्थांचे एकमत झाले नाही. काही नाण्यांत तर सात अंकांपर्यंत तफावत निघाली. ज्या व्यवहारात एका अंकावर हजारो डॉलर टांगलेले असतात, तेथे सात अंक म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही.

मतभेद ही मात्र अविश्वासाची वरवरची बाजू झाली. दोन जाणकारांत मतभेद असणारच. खरा दोष रचनेत आहे, आणि तो संग्राहकांनी फार बारकाईने हेरला. समजा, परीक्षक पूर्णपणे प्रामाणिक आहेत आणि त्यांच्या चुका दोन्ही बाजूंना सारख्याच होतात. काही नाण्यांना एक गुण जास्त मिळतो, काहींना एक कमी. ज्याला कमी मिळाला तो डबी फोडतो आणि नाणे पुन्हा पाठवितो. शुल्क थोडे, लाभ मोठा. ज्याला जास्त मिळाला तो मात्र गप्प बसतो. परिणामी कमी गुणांची चूक दुरुस्त होत जाते आणि जास्त गुणांची चूक साचत जाते. काही वर्षांनी बाजारात '६५' च्या डब्यांत उरतात ती बहुतांशी त्या अंकाची दुबळी नाणी. शिवाय फोडलेल्या डबीतील चिठ्ठी संस्थेला परत केली नाही, तर तेच नाणे संस्थेच्या गणतीत दोनदा, तीनदा मोजले जाते, आणि दुर्मिळतेचा आकडाही बिघडतो. कोणीही लबाडी न करता सगळी व्यवस्था हळूहळू वर सरकते. अमेरिकन संग्राहकांनी या प्रकाराला 'ग्रेडफ्लेशन', म्हणजे गुणांची महागाई, असे नाव दिले.

हे वाचून आमच्यासारख्या परीक्षकांना ओशाळल्यासारखे व्हावे. पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज कोण करतो? ज्याला अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले तो. तीन गुण जास्त पडले म्हणून उत्तरपत्रिका परत तपासा, असे म्हणणारा विद्यार्थी आम्ही अध्यापनाच्या इतक्या वर्षांत पाहिलेला नाही. सकाळी तपासलेल्या निबंधाला ५८ आणि तितक्याच तोलाच्या, संध्याकाळी हाती आलेल्या निबंधाला ६१ देताना आमच्याही मनात तीच पुसट अस्वस्थता असते. अंक खोटा नसतो. पण तो जितका नेमका दिसतो तितकी नेमकी आमची नजर नसते. गुणपत्रिकेवर एकदा छापला गेला, की मात्र अंकामागची ही चलबिचल कोणालाही दिसत नाही.

पुन्हा नाण्यांकडे वळू. २००७ साली याच अल्बनीज यांनी 'सर्टिफाइड ॲक्सेप्टन्स कॉर्पोरेशन' ही तिसरी संस्था काढली. पीसीजीएस आणि एनजीसी यांच्या डबीतील नाणे तपासायचे, आणि ते आपल्या अंकाला खरोखर शोभते असे वाटल्यास डबीवर एक लहानसे हिरवे लेबल चिकटवायचे, हे तिचे काम. अंक कमी दिला गेला आहे असे वाटले, तर लेबल सोनेरी. म्हणजे राजाने नाण्यावर छाप मारली, परीक्षकाने त्या छापेवर अंक दिला, आणि आता अंकावरही छाप बसली. एकच अंक असलेल्या दोन नाण्यांत हिरव्या लेबलाचे नाणे अनेकदा जास्त भावाने विकले जाऊ लागले. २००८ साली तर खुद्द डब्याच बनावट निघू लागल्या. चिनी बनावटीच्या खोट्या स्लॅबांत खोटी नाणी बंद करून विकली जात असल्याचे दोन्ही संस्थांना जाहीर करावे लागले. २०१० मध्ये अंकापुढे अधिकचे चिन्ह आले : ६४, ६४ अधिक, ६५. आणि २०२३ मध्ये लेबल लावणाऱ्या संस्थेच्या नावाने नवी गुणांकन सेवा सुरू झाली. तिच्या स्वतःच्या डब्या, स्वतःचे अंक. अविश्वासातून निघालेला प्रत्येक उपाय काही काळाने त्याच व्यवस्थेचा पुढचा मजला होतो, हे या एका माणसाच्या प्रवासातही दिसते.

या सर्वांपासून थोडे दूर राहिले ते मोठ्या सेंटांचे संग्राहक. ज्या नाण्यांसाठी शेल्डनने मोजपट्टी केली, नेमके तेच! 'अर्ली अमेरिकन कॉपर्स' हे त्यांचे मंडळ १९६७ सालचे. तेही ७० चीच पट्टी वापरतात, परंतु दोन वेळा. आधी नाण्यावर तपशील किती शिल्लक आहे याचा अंक. मग गंज, डाग, ओरखडे यांची वजावट करून निव्वळ अंक. त्यांचा निव्वळ अंक व्यापारी संस्थांच्या अंकापेक्षा बहुधा बराच खाली असतो. त्यांच्यापैकी अनेकजण नाणे विकत घेतल्यावर डबी सरळ फोडून टाकतात. कारण तांब्याची कड पाहावी लागते, रंग उजेडात तिरका धरून पाहावा लागतो, आणि एकाच वर्षाच्या निरनिराळ्या ठशांतील पाठभेद भिंगाखाली ताडून पाहावे लागतात. पोथ्यांच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटणार नाही. त्यांचा अविश्वास तज्ज्ञांवर नाही. ते स्वतःच तज्ज्ञ आहेत. पाहण्याचे काम एकदाच, कोणा दुसऱ्याने, आपल्या वतीने उरकून टाकावे, या कल्पनेवर तो आहे. 'नाणे घ्या, डबी घेऊ नका', हा जुन्या संग्राहकांचा उपदेश याच अर्थाने घ्यायचा.

आता त्या सराफाच्या खुणेचे काय? आपल्याकडे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. चांदवडी, अंकुशी, हाळी. प्रत्येकाचा कस आणि वजन वेगळे, आणि म्हणून वटावही वेगळा. गावगाड्यात वसुलाची नाणी पारखणारा पोतदार असे. तो बहुधा सोनार. पेठेत सराफ असे. नाणे वाजवायचे, तोलायचे, कसाला लावायचे, आणि पटले की कधी आपली खूण ठोकायची. 'खणखणीत', 'बट्टा लागणे', 'पारख' हे आपले शब्द या व्यवहारातून भाषेत रुळले. सराफावरही लोकांचा सरसकट विश्वास होता असे नव्हे. बट्टा ठरविणारा आणि बट्टा खाणारा एकच असल्यावर तसे होणार कसे? बंगालमध्ये तर रुपयावरील सन जुना झाला एवढ्याच कारणाने सराफ त्याची किंमत कमी धरीत. त्यावर उपाय म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने शाह आलमच्या राज्यारोहणाचे एकोणिसावे वर्षच नाण्यावर गोठविले आणि पुढे कित्येक वर्षे सर्व रुपये 'सन १९' चेच पाडले. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखासाठी एकच रुपया ठरला आणि सराफाच्या पारखीची सद्दी हळूहळू ओसरली.

तरीही दोन पद्धतींतील फरक विचार करण्याजोगा आहे. आधुनिक परीक्षकाचा अधिकार त्याच्या निःस्वार्थतेवर उभा आहे. तो खरेदी करीत नाही, म्हणून त्याचे मत ग्राह्य. सराफाचा अधिकार नेमका उलट. तो स्वतःच्या गल्ल्यात ते नाणे घेत होता, म्हणून त्याचे मत ग्राह्य. पहिल्यात पक्षपाताला वाव कमी, पण चुकीची झळही कमी : भरपाईची हमी असली, तरी चूक झाली की नाही हे पुन्हा संस्थाच ठरविते. दुसऱ्यात स्वार्थ उघड, पण चूक झाली तर ती त्याच्याच गल्ल्यात. दोहोंपैकी कोणतीही पद्धत निर्दोष नाही. सराफ मात्र पेठेत समोर बसलेला असे. त्याच्याशी हुज्जत घालता येई, रुपया पुन्हा वाजवून दाखव म्हणता येई. प्लास्टिकच्या डबीतला रुपया वाजत नाही.

आज मुंबईच्या नाणे-लिलावांतही डबीबंद भारतीय नाणी दिसतात आणि अंकानुसार त्यांचे भाव चढतात. तेव्हा हा इतिहास आता केवळ अमेरिकेचा राहिलेला नाही. अंक नकोत, असे आमचे म्हणणे नाही. दूरच्या, अनोळखी माणसांशी व्यवहार करायचा तर काही सामायिक खूण लागतेच; आम्हीही दरवर्षी गुणपत्रिकांवर सह्या करतोच. पण खूण म्हणजे निवाडा नव्हे. ती दुसऱ्या कोणीतरी केलेल्या वाचनाची नोंद आहे, आणि आपले वाचन अजून व्हायचे आहे. संग्राहकांच्या अविश्वासाची उत्तम बाजू हीच, की तो त्यांना पुन्हा नाण्याकडे पाहायला लावतो. ज्यांचा अविश्वास केवळ एका डबीवरून दुसऱ्या डबीकडे जातो, त्यांच्या हाती शेवटी डब्याच उरतात.

सहकाऱ्यांच्या घरी तो रुपया महिनाभर तसाच टेबलावर होता. मग एका रविवारी मुलानेच जपून डबी फोडली. चिठ्ठी त्याने वहीत चिकटवून ठेवली आहे, कारण तीही आता त्या नाण्याच्या इतिहासाचा भाग झाली. रुपया पूर्वीच्याच पितळी डब्यात गेला. जाण्याआधी आम्ही प्रत्येकाने तो तळहातावर घेतला, उजेडात तिरका धरला, आणि ते बारीक फूल पुन्हा एकदा नीट पाहिले. एक पाकळी पुसट आहे; हे आतापर्यंत कोणाच्याच लक्षात आले नव्हते.